नाताळातली कडबोळी

महाडच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की हल्ली मी साल फेकत नाही. निगुतीनं सोलते, सुपात पसरते आणि ओटीवरच्या उन्हात ठेवून देते. वाळत जाते तसा तिचा वास पडवीभर होतो, आणि शेजारचं मांजर सुपाशी येऊन नाक वाकडं करून परत जातं. परवा ह्यांनी विचारलं, एवढ्या साली वाळवून करणार काय. मी म्हटलं, तुम्ही गुमान संत्रं खा. सगळ्याच गोष्टी नवऱ्याला समजावून सांगत बसलं तर बायकोनं उन्हं कधी गाठायची?

तशी मी डिसेंबरची जुनी गिऱ्हाईक. महाडच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. शिक्षकाचा डिसेंबर म्हणजे गॅदरिंग आणि रायगडची सहल. पाचाडला एसटीतून उतरायचं, थंडीनं काकडणारी पोरं मोजायची, गड चढायचा, उतरायचा, पुन्हा मोजायची. एखादं कमी भरलं की काळजात धस्स व्हायचं आणि ते कुठल्यातरी टपरीवर भजी खात सापडायचं. नाताळ म्हणजे त्यानंतरची सुट्टी, गरम पाण्यात पाय बुडवून बसायची. त्या सणाला त्याचं स्वतःचं काही खाणंपिणं असतं, याचा विचार मी आयुष्यात केला नव्हता. कशाला करू? आमच्यात कोण करतंय?

निवृत्त झाले आणि आम्ही दोघं पोलादपूरच्या वरच्या अंगाला, ह्यांच्या वाडीत येऊन राहिलो. दहा-बारा उंबऱ्यांची वाडी. डिसेंबरात सकाळी सावित्रीच्या खोऱ्यातून धुकं वर येतं आणि खालचा हायवे पुसून टाकतं. गाड्या दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. भात झोडून झालेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, कापणी झालेल्या खाचरांत वाल वीतभर वर आलेला असतो. उन्हं वर आली की धुकं विरतं आणि मग दिसतं, मुंबईहून गोव्याला निघालेल्या गाड्यांची रांगच्या रांग, कुणाच्या काचेला चांदणी लटकवलेली, कुणी टपावर बॅगा बांधलेल्या. नाताळ हा असा आमच्या पायथ्यानं जाणारा सण. तो गोव्याला जायचा, आमच्याकडे बघायचासुद्धा नाही. गेल्या वर्षी मात्र तो चढण चढून वर आला.

त्याला वर घेऊन आली माझी सून, इम्मा.

मंदार माझा एकुलता एक. बोटीवरच्या भटारखान्यात लागला, तिथून इटलीत नेपल्सला एका खानावळीत राहिला आणि त्याच गल्लीतल्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. लग्नाला आम्ही फोनच्या पडद्यावरून अक्षता टाकल्या. पडद्यावर तांदूळ मारताना माणूस किती येडपटासारखं दिसतं ते मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी नंतर नक्कल करून दाखवलं. मग एक दिवस मंदारचा फोन आला. आता परत येऊन पोलादपूरला हायवेवर स्वतःचं हॉटेल टाकायचं त्याच्या मनात होतं. पण इम्माचं म्हणणं, आधी राहून बघते. दसऱ्यानंतर येऊ, चैत्रापर्यंत राहू आणि मग ठरवू. तिला इथं करमलं तर इथंच, नाही करमलं तर कायमचे तिकडे. हे त्यानं असं सांगितलं की जणू एसटीचं टाइमटेबल सांगतोय. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि मसाल्याचे सगळे डबे काढून घासायला बसले. डबे स्वच्छ होते. पण हात रिकामे ठेवणं मला त्या दुपारी झेपलं नसतं.

तर ती आली. उंच, हाडापेरानं मजबूत, मोठ्यानं हसणारी. मंदारनं शिकवलेलं मराठी बोलायची. मुलगा आईला 'अगं-तुगं' करतो ते ऐकूनच शिकलेली, त्यामुळे मलाही 'तू' आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही 'तू'. कुणाला राग आला नाही. जाऊबाईंना ती मंदारसारखंच 'मोठी आय' म्हणू लागली. बांधावरून चालायला शिकली, भाकरी थापायला शिकली, तिची पहिली भाकरी आम्ही ओळखली नाही तो भाग वेगळा. एकच गोष्ट मला खटकायची. अंगात कायम एक काळा स्वेटर. दुपारच्या उन्हातसुद्धा. रंगीत काही घाल म्हटलं की मान हलवायची.

मी रोज तिच्या तोंडाकडे बघायची. आज जेवली नीट. आज गप्प आहे. आज हसली. सुनेकडे एवढं टक लावून बघणारी सासू आमच्या वाडीत मीच पहिली असेन. जाऊबाई म्हणाल्या, तिला नजर लागंल गो तुझी. लागली तर काढू, पण पोरगी राहिली पाहिजे, असं माझं झालं होतं. खरं सांगायचं तर भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. ती गेली तर मंदार जाणार, आणि पुढचं सगळं आयुष्य पडद्यावर अक्षता मारण्यात जाणार.

डिसेंबर आला तसं मला सुचलं. तिला तिचा सण करू द्यावा! त्यांच्याकडे नाताळात घरोघर बिस्किटं भाजतात, बश्या भरून वाटतात, हे मंदारनं कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आपला फराळच की. मी महाडला गेले, मैदा आणला, लोणी आणलं, बदाम आणले, एक चमकणारी चांदणीही आणली आणि हे सगळं तिच्यापुढे मांडलं. मला वाटलं, पोरगी उडी मारील.

तिनं चांदणी हातात घेतली, बघितली आणि परत पिशवीत ठेवली. "नको, आई. या वर्षी नको," म्हणाली.

झालं. मी वरवर हसले आणि आतून मटकन बसले. ज्या घरात राहायचं नाही त्या घरात कोण सण करील? दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मंदारला विचारलं तर तो म्हणाला, तिला नको आहे ना, मग राहू दे. हा मुलगा लहानपणापासून असाच, अर्धं सांगतो आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मी इम्मालाच धरलं. म्हटलं, इथं करमत नाही का तुला, सरळ सांग. ती गोंधळली. मग हातातली ओली चादर तशीच धरून तिनं मला तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं.

तिची आई गेल्या चैत्रात गेली होती. ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की तिच्या गल्लीत, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर गोडाधोडाची भट्टी पेटत नाही. नाताळातही नाही. त्या घराला बिस्किटं शेजारच्यांनी द्यायची. वरच्या मजल्यावरची बाई देणार, खालची देणार, मावशी देणार. वर्ष सरलं की मग त्या घरच्या बाईनं आपल्या घरात भट्टी लावायची आणि ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांच्या घरी बशी पोचवायची. "या वर्षी मी नाही करत," ती म्हणाली, "मला लोक देतात. पण इथे ते लोक नाहीत."

चादरीतलं पाणी आमच्या दोघींच्या पायांवर गळत होतं. माझ्या डोळ्यांपुढे एकदम आमची एक जुनी दिवाळी आली. सासरे गेले ते वर्ष. आमच्या घरात कढई चढली नव्हती. दुखवट्याच्या वर्षी तळण करत नाहीत, तो फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा. वसुबारसेपासून ताटं यायला लागली. घराघराची चकली वेगळी. एकीची ओव्याची, एकीची तिखटजाळ, एकीची इतकी मऊ की तिला शेव म्हणावं. करंज्यांची तर जत्रा भरली होती. बायका यायच्या, ताट ठेवायच्या, घटकाभर टेकायच्या, सासऱ्यांची एखादी आठवण काढायच्या आणि जायच्या. आयुष्यातली सगळ्यात चवीची दिवाळी ती, हे बोलायला बरं दिसत नाही, पण होती. आणि तो सगळा कारभार जसाच्या तसा, समुद्रापलीकडच्या एका गल्लीत चालतो! मला हसावं की रडावं ते कळेना. एवढं मात्र कळलं की पोरीचं इथं काही अडलेलं नव्हतं. तिला शेजार हवा होता. आणि शेजाराचा आमच्याकडे कधी दुष्काळ पडला आहे?

मी चादर दोरीवर टाकली न टाकली आणि जाऊबाईंचं अंगण गाठलं. त्या वाल निवडत होत्या. ऐकून घेतलं, सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "तिच्या घरात वरीस हाय, आन् तिच्या दारात बशी नाय? मंग आमी काय मेलाव काय गो?"

शेजारच्या एका काकूनं शंका काढली, की लेक दिली की तिला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं, तिचं वर्ष सासरच्या घराला कसं लागेल. जाऊबाईंनी तिला एका वाक्यात गप्प केलं, की शास्त्र तुझं की तिचं, रडतंय कोण? त्यावर वाडीत पुन्हा चर्चा झाली नाही.

आता पंचाईत अशी की माझं घर तेच तिचं घर. म्हणजे माझ्याही घरात चूल त्या कामाला पेटणार नाही. वाडीतल्या सगळ्या बायका इटलीची बिस्किटं करणार आणि मी, जिनं हे सगळं उभं केलं, ती हात बांधून बसणार. आयुष्यभर पोरांना 'हात वर, हात खाली' केलेल्या बाईला ही शिक्षा फार मोठी. मी कुंपणावरून सूचना द्यायला लागले की जाऊबाई म्हणायच्या, मास्तरीण, तू घरी जा.

कृती विचारायची कुणाला? इम्माला तर काही कळू द्यायचं नव्हतं. मंदारला हाताशी धरलं. जाऊबाईंच्या परसातल्या फणसाखाली तेवढी रेंज येते. तिथं सगळ्या जणी फोनभोवती जमल्या आणि पडद्यावर आली इम्माची मावशी. गोल चेहरा, कमरेला ॲप्रन, हातवारे असे की मंदारनं मधे काही सांगायची गरजच पडू नये. बिस्किटाचं नाव रोकोको. पीठ, साखर, भाजलेले बदाम, संत्र्याची साल आणि मसाला. मसाल्यात दालचिनी, लवंग, जायफळ, चक्रीफूल, थोडी मिरी. प्रत्येक नावाला बायका माना डोलवत होत्या, हे तर डब्यात हाय. मावशीनं पिठाची वळी केली, दोन टोकं जुळवली आणि कडं करून दाखवलं. फणसाखाली एकदम गलका झाला. ही तर कडबोळी! आयुष्यभर कडबोळी वळलेले हात ते, त्यांना आता कुणी शिकवायचं बाकी नव्हतं.

मग मावशीनं अंडं फोडलं. रोकोकोला भाजण्याआधी वरून अंडं फासतात. मार्गशीर्ष चालू, घराघरात गुरुवारचा घट बसलेला, आणि अंडं? जाऊबाईंनी फोन स्वतःकडे ओढला आणि मंदारला सांगितलं, "सांग तिला, आमच्या लक्ष्मीला अंडा चालत नाय." मंदारनं सांगितलं. मावशी खो खो हसली. म्हणाली, तिच्या आईच्या वेळी अंडी नसली की साखरेचं पाणी फासायचे. त्यावर आमच्या मंडळींनी गुळाचं पाणी ठरवून टाकलं.

एक वस्तू मात्र घरात नव्हती. अमोनिया. बेकरीवाले बिस्किटं हलकी व्हायला पिठात घालतात तो. ती आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण महाड मला पाठ. बेकरीवाल्यानं पुडी बांधताना विचारलं, बाई, एवढी नानखटाई या दिवसांत कुणाची? मी म्हटलं, नेपल्सची.

पिठात अमोनिया पडला आणि वाडीभर गोठ्याचा वास सुटला. खोटं नाही, अगदी पावसाळ्यातल्या बंद गोठ्याचा. एकीनं पीठ टाकूनच द्यायला काढलं होतं. पुन्हा फोन, पुन्हा मावशीचं हसणं, भाजलं की वास उडतो म्हणाली. भट्टी तर कुणाकडे नाही. पण पावसाळ्याअखेर पिकल्या काकडीचा धोंडस, आमचा गोड केकच तो, आमच्या बायका जन्मापासून भाजतात. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. तेच केलं. नाताळच्या आदल्या दुपारी सगळ्या घरांच्या कौलांतून धूर निघत होता. आधी गोठा, मग हळूहळू लवंग, मग भाजल्या बदामाचा आणि संत्र्याचा वास. मी आमच्या ओटीवर बसून नाक वर करत होते. इम्माही वास घेत होती. तिनं विचारलं, काय आहे आज? मी म्हटलं, कोण जाणे, कुणाचा तरी धोंडस असेल. डिसेंबरात धोंडस नसतो, हे तिला कुठून माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तशा जाऊबाई आल्या. चांगलं पातळ नेसलेल्या, डोक्यावर पदर, हातात झाकलेली बशी. हॅपी ख्रिसमस वगैरे काही नाही. दुखवट्याच्या घरी जातात तशा आल्या, बशी इम्मासमोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. इम्मानं फडकं उचललं. आत जाडजूड, तपकिरी, गुळाच्या पाण्यानं चकाकणारी कडी. ती वाकली, वास घेतला, आणि तिथंच जमिनीवर बसली. हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत. जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझी आय कशी व्हती गो?" त्यांनी विचारलं. "सांग आमाला."

आणि इम्मा बोलायला लागली. दसऱ्यापासून आमच्या घरात राहत होती, पण आईबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं तिनं. मराठी संपलं की तिच्या भाषेत, मंदार आधी सांगत होता, मग त्यानंही नाद सोडला. काही अडलं नाही. आई गाणी बेसूर म्हणायची, हे तिनं म्हणूनच दाखवलं. तोवर बश्या येतच होत्या. कुणाची कडी बांगडीएवढी, कुणाची चकलीसारखी काटेरी, एकीची करपून काळी ठिक्कर, एकीनं सवयीनं ओवा घातलेला. इम्मानं प्रत्येक बशीतला एकेक खाल्ला. ओव्याच्या रोकोकोला थबकली, डोळे मिटले आणि आणखी एक उचलला. सगळे दगडासारखे कडक. असेच असतात म्हणाली, मम्माचे असेच. आमचे हे चहात बुडवून बुडवून खात होते आणि म्हणत होते, आपला टोस्टच की हा. दिवसभर आमच्या घरात गर्दी, चहाचं आधण उतरायला तयार नाही, आणि मी त्या गर्दीत इकडून तिकडे उगीचच फिरत होते. फार आनंद झाला की मला एका जागी बसता येत नाही.

वाटलं होतं, आता ठरलंच. पण कुठलं काय! वाल आला, वालाच्या शेंगा मडक्यात भाजून झाल्या, शिमगा झाला, ती सगळ्यात होती आणि बोलली काही नाही. मी विचारलं नाही. तिचं ते वाक्य मात्र डोक्यातून जात नव्हतं, वर्ष सरलं की आपल्या घरात भट्टी लावायची. आपलं घर म्हणजे तिचं नेपल्सचं. चैत्रात तिच्या आईचं वर्ष भरणार, आणि त्याच महिन्यात राहायचं की जायचं ते ठरायचं. मी मनातल्या मनात तिची बॅगसुद्धा भरून ठेवली. बरोबर मेतकूट द्यायचं, आमसुलं द्यायची, हेही ठरवलं.

चैत्र लागला. करवंदं काळी व्हायला लागली, दुपारी कौलं तापून घर भाकरीच्या तव्यासारखं. मी महाडला निघाले होते, दात दाखवायला. इम्मा पायरीवर आली. अंगात तो काळा स्वेटर नव्हता. मंदारचा पिवळा शर्ट होता.

"आई," म्हणाली, "येताना अमोनिया आण."

मी बरं म्हटलं. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पिशवी घरीच विसरले. दात दाखवायचंही राहिलं. पुडी तेवढी पदरात बांधून आणली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाळ्यात तिनं अंगणात निखारे केले. घाम निथळतोय, तोंड लाल, वाऱ्यावर गोठ्याचा वास. मला जवळ फिरकू दिलं नाही. दुपार कलली तशी बश्या भरल्या, फडकी झाकली आणि एकेक बशी घेऊन निघाली. पहिली मोठ्या आयकडे. मग सगळ्या उंबऱ्यांना, शास्त्र काढणाऱ्या काकूंकडेसुद्धा. मी पडवीतून बघत होते. शेवटची बशी गेली आणि ती रिकाम्या हातानं परत आली. मला बशी नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागले. आपटत. इम्मा आत आली, पातेल्यातली ताटली दोघींच्या मधे ठेवली आणि फतकल मारून बसली. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, सगळ्या वाडीला बशी गेली, मीच काय ते पाप केलंय?

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात भलतंच उत्तर देणाऱ्या पोराकडे मी बघायची.

"बशी बाहेरच्यांना, आई," ती म्हणाली. "घरचे ताटलीतनं खातात."

आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी एक रोकोको उचलला आणि तोंडात टाकला. कडक असतो ते बरं. तो फुटेपर्यंत माणसाला काही बोलावं लागत नाही.